वेळास ते हर्णे पायी : कासवं, खाड्या आणि आम्ही पेटवलेली ती शेकोटी

पाठीवर_सॅक (3 फेब्रुवारी, रात्री 10:20)

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं इथले कोकणाचे धागे नुसते वाचत आलोय, आज पहिल्यांदा स्वतः लिहितोय. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, शिऱ्या, मुग्धा, अभ्या) पाठीवर सॅक टाकून वेळास ते हर्णे चालत गेलो. चालत म्हणजे जिथे पुळण आहे तिथे पुळणीवरून, जिथे कडा आडवा येतो तिथे पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढून वरच्या सड्यावरून (कातळाच्या पठारावरून), आणि खाडी आली की होडीतून. माहिती द्यायची आहे, पण त्याहून जास्त एक गोष्ट सांगायची आहे जी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

जायचं कसं ते आधी सांगतो. पुण्याहून महाड, महाडहून मंडणगड, मंडणगडहून वेळास, सगळं एसटीने. गाडी घेऊन जाणारे श्रीवर्धनकडून बागमांडल्याला येतात आणि जंगल जेटीने (गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने) सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरतात, तेही छान आहे, पण आम्हाला परत गाडीपाशी यायचं नव्हतं. पहिल्या दिवशी दुपारी बाणकोटचा किल्ला बघून आलो. वरून सावित्री समुद्राला मिळते ते दिसतं, पलीकडे रायगड जिल्हा. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आता मात्र गाव ओळखलं जातं ते पुळणीवर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांमुळे.

जानेवारीत पिल्लं नव्हती, ती साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. पण हॅचरी बघायला मिळाली. जाळी लावलेलं कुंपण, आत वाळूत ओळीने घरटी, प्रत्येकावर पाटी, अंडी मिळाल्याची तारीख आणि किती अंडी ते. तिथल्या काकांनी सांगितलं की अंडी हलवायची तर काही तासांच्या आत आणि जशी होती तशीच, उलटी होता कामा नयेत, नाहीतर आतला जीव मरतो. मादीने जेवढा खोल खड्डा केलेला असतो तेवढाच, साधारण दीड फूट, हॅचरीत करायचा. हे सगळं हाताने.

दुसऱ्या दिवशी साखरीच्या बाजूने भारजेच्या खाडीपर्यंत आलो. इथे एक गोष्ट शिकलो ती लिहून ठेवा. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी दशमी होती, दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण भरती आणि दुपारी दीडच्या आसपास पूर्ण ओहोटी. आमच्या होडीवाल्या मामांना हे विचारल्याबरोबर तोंडावर उत्तर तयार, आम्ही मोबाईलमध्ये रेंज शोधत बसलेलो. ओहोटीला कड्याखालून वळसा घालता येतो, भरतीला तीच जागा पाण्याखाली जाते, त्यामुळे हे गणित जमल्याशिवाय कातळावरून जायचा हट्ट करू नका.

खाडी ओलांडली की केळशीची वाळूची टेकडी. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केलाय. तिच्या पायथ्याशी आम्ही अर्धा तास नुसते बसलो. ओली वाळू बारीक बारीक गोळ्यांनी भरलेली, खसखशीचे लाडू वळून ठेवावेत तशा, आणि प्रत्येक बिळापासून त्यांची नक्षी निघालेली. मुग्धा पालथी पडून बघत होती. नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्याची गोळी मागे टाकतो, भरती येईपर्यंत हेच. वर सुरूच्या शेंड्यावर समुद्रगरुड बसलेला, पोटाखाली पांढराशुभ्र.

आता तिसरी रात्र. केळशी आणि आंजर्ल्याच्या मधल्या एका पुळणीवर आम्ही टेंट लावले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावात कुणाला विचारलं नाही, ही पहिली चूक. सुरूची वाळलेली लाकडं गोळा करून शेकोटी केली, चौघांच्या डोक्याला हेडलॅम्प, शिऱ्याने स्पीकर आणलेला त्यावर गाणी, बारा-साडेबारापर्यंत बसलो. खूप मजा आली हे खोटं सांगत नाही. आकाश स्वच्छ, माघातली थंडी, समोर लाटा.

सकाळी सहाला मी पाण्याकडे निघालो आणि वाळूत रेघ दिसली. आधी वाटलं कुणीतरी होडी ओढली असेल. पण ती होडीची नव्हती. मध्ये गुळगुळीत घासलेला पट्टा आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे, डावा उजवा डावा उजवा, आलटून पालटून. पाण्यातून सरळ वर आलेली, मर्यादवेलीच्या थोडी अलीकडे थांबलेली, तिथे वाळू जराशी विस्कटलेली आणि तिथूनच गोल वळून परत पाण्यात. खड्डा नाही, काही नाही. नुसता उलटा यू. जिथून ती वळली तिथून आमची राख मी पावलं मोजत गेलो, बेचाळीस पावलं.

मी बाकीच्यांना उठवलं, पण काय झालंय ते मला सांगता येईना. तेवढ्यात रोजची गस्त घालत एक दादा आले, गावातले कासवमित्र. त्यांनी रेघ बघितली, राख बघितली, आमच्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "रात्री आलेली. फिरली परत."

उरलेलं उद्या लिहितो, आज इथेच थांबतो.

---

केळशीची_माहेरवाशीण (3 फेब्रुवारी, रात्री 11:05)

पाठीवर_सॅक, फार मनापासून लिहिलंय. आमच्या घरापासून ती टेकडी दहा मिनिटांवर. आमच्या लहानपणी ही अंडी लोक घरी आणायचे, खायचे, विकायचेसुद्धा, त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटायचं नाही. आजोबा कासवाची रेघ शोधत पहाटे जायचे. आज त्याच आळीतला माझा चुलतभाऊ रेघ शोधत जातो आणि सापडली की वनविभागाला कळवतो. एवढ्या वर्षांत केवढा बदल झाला, ते माहेरी गेलं की जाणवतं.

चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला या. केळशी बघायची तर तेव्हा.

---

सह्यवाट_72 (3 फेब्रुवारी, रात्री 11:40)

वर्णन आवडलं. पण एका शेकोटीमुळे कासव परत गेलं हे जरा ओढूनताणून वाटतं. त्याच किनाऱ्यावर रिसॉर्टचे हॅलोजन रात्रभर चालू असतात, लोक एसयूव्ही घेऊन पुळणीवर राउंड मारतात, त्यांना कोण विचारतं? चार चालणाऱ्या पोरांनी मनाला लावून घ्यायचं आणि बाकीच्यांनी मोकळं फिरायचं, हे मला पटत नाही. आणि कासव परत फिरायला दुसरंही कारण असू शकतं.

---

निसर्गवही (4 फेब्रुवारी, सकाळी 7:15)

सह्यवाट, दुसरं कारण असू शकतं हे बरोबर आहे. वाळू खूप कोरडी असली, मुळं लागली, कुत्रं आडवं आलं, तरी मादी फिरते. इंग्रजीत याला फॉल्स क्रॉल म्हणतात. पण उजेड आणि हालचाल ही त्यातली मोठी कारणं. पाण्यातून बाहेर येताना ती सगळ्यात जास्त बिचकते. एकदा अंडी घालायला सुरुवात झाली की मग सहसा उठत नाही. म्हणजे तुमचा दिवा तिला घाबरवतो तो नेमका त्या पहिल्या काही मिनिटांत, जेव्हा तुम्हाला ती आलीये हे माहीतही नसतं.

पिल्लांचं आणखी वेगळं. ती रात्री बाहेर येतात आणि जिथे क्षितिज जास्त उजळ तिकडे निघतात. माणूस नव्हता तेव्हा उजळ बाजू म्हणजे समुद्रच. आता मागे हॅलोजन असेल तर ती आगराकडे (माड-पोफळीच्या बागेकडे) चालत सुटतात, मग कुत्री, कोल्हे, कावळे आणि सकाळचं ऊन. हॅलोजनबद्दल तुमचा राग योग्यच आहे. गाड्यांबद्दलही. टायरच्या चाकोरीत पिल्लू अडकलं की त्याला ती भिंतच असते, बोटाएवढा तर जीव.

थोडी पार्श्वभूमी देतो, नव्या वाचकांसाठी. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, मुळात समुद्रगरुडाचा अभ्यास करत होते. त्यासाठी 2002 मध्ये वेळासला गेले तेव्हा कासवांची अंडी चोरीला जातात हे समोर आलं आणि संवर्धनाचं काम सुरू झालं. 2006 पासून कासव महोत्सव. लोक पाहुणे म्हणून घरात राहायला लागले, न्याहारी-जेवणाचे पैसे गावात यायला लागले आणि अंडी राखणं गावाचंच काम झालं. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण, हे खरंच, पण नुसत्या कायद्याने वेळासला काही झालं नसतं.

---

ओहोटी (4 फेब्रुवारी, सकाळी 9:30)

प्रॅक्टिकल प्रश्न. मार्चमध्ये आम्ही सहा जणी जायचं म्हणतोय. टेंट लावता येतो का? पाण्याची सोय? आणि कुत्र्यांचा त्रास आहे का?

---

सुरूबन (4 फेब्रुवारी, दुपारी 1:10)

मी दापोली तालुक्यातलाच, किनाऱ्यावर घर आहे. ओहोटीताई, टेंट नको. पुळणीवर तर नकोच. घरगुती राहण्याची सोय आता जवळजवळ प्रत्येक गावात आहे, पडवीत झोपा, सकाळी घावने खा, कुळथाचं पिठलं-भात खा, विहिरीचं पाणी आहे. सहा जणी असाल तर दोन दिवस आधी फोन करून या, बायकांना सामान आणून ठेवावं लागतं. आयत्या वेळी आलात तरी कुणी उपाशी ठेवणार नाही, पण घरातल्यांची धावपळ होते.

कुत्री आहेत. पर्यटकांनी टाकलेल्या उरल्यासुरल्यावर वाढतात आणि मग तीच घरटी उकरतात. कोल्हे पूर्वीपासून आहेतच, त्यांचं काही नाही, ते त्यांचं खातात. कुत्रे आपण वाढवले.

सावलीचंही सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं त्यात आमच्याकडची सुरूची झाडं अशी पडली की सकाळी किनारा ओळखू येईना. माड, पोफळी, घरावरचे पत्रे, सगळं गेलं, लाईट कितीतरी आठवडे नव्हती. आगर परत उभं करायला दहा वर्षं लागतात. त्यामुळे दुपारी 11 ते 4 चालायचा बेत ठेवू नका, पूर्वीसारखी सावली सगळीकडे नाहीये.

पाठीवर_सॅक, तुम्ही राख तशीच टाकून आलात का? राग नाही, विचारतोय.

---

पाठीवर_सॅक (4 फेब्रुवारी, रात्री 9:50)

सुरूबन, नाही. राख, अर्धवट जळलेली लाकडं, सगळं पोत्यात भरून वर नेलं, दादांनी जागा दाखवली तिथे टाकलं. खड्डा बुजवून वाळू सारखी केली. तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

सह्यवाट, तुमचं म्हणणं मी त्या दिवशी स्वतःला सांगून बघितलं. दादासुद्धा तसंच म्हणाले, "तुमच्यामुळेच असं नाही सांगता येत, कधीकधी अशीच फिरते." पण बेचाळीस पावलं मी मोजलीयेत. तिच्या पोटात शंभर-सव्वाशे अंडी होती, ती तशीच घेऊन ती परत पाण्यात गेली. आम्ही त्या वेळी काय करत होतो तर गाणं बदलत होतो.

आता पुढचं. त्या दिवशी आंजर्ल्याला जायचं आम्ही रद्द केलं आणि दादांना विचारलं की आज रात्री गस्तीला येऊ का. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. संध्याकाळी घरी बोलावलं, वहिनींनी चहा दिला, मग अटी सांगितल्या. हेडलॅम्प घरी ठेवायचे. मोबाईल बंद. पांढरे कपडे नको. रांगेत चालायचं, ओल्या वाळूवरून, आणि दादा खाली बसले की सगळ्यांनी खाली बसायचं. त्यांच्याकडे एक छोटी बॅटरी, काचेला लाल जिलेटिन कागद लावलेला, तीही गरज पडली तरच. शिऱ्या दिवसभर गप्प होता, शेकोटीची आयडिया त्याची होती. तो दादांच्या मागे पहिला.

त्या दिवशी द्वादशी, म्हणजे रात्री नऊला भरती. चांदणं इतकं लख्ख होतं की सावल्या पडत होत्या, बॅटरी लागते कशाला असं वाटलं. पाच मिनिटांत डोळे सरावतात आणि मग लाटेचा फेससुद्धा लांबून दिसतो. एक चक्कर झाली, काही नाही. दुसऱ्या चकरीत, साडेदहाच्या सुमाराला, दादा एकदम बसले. आम्ही बसलो. मला आधी काही दिसेना, मग पुढे एक काळा दगड दिसला, आणि तो दगड हलला.

ती वर गेली, आम्ही खालीच थांबलो. किती वेळ ते माहीत नाही. वाळू उडण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. मग दादांनी हाताने खूण केली आणि आम्ही तिच्या मागच्या बाजूने, पोटावर सरकत, पंधरा-वीस फुटांवर गेलो. तेवढंच. मागचे दोन्ही वल्हे तिने खड्ड्यावर झाकणासारखे धरलेले. दादांनी लाल उजेड क्षणभर खाली दाखवला, पांढरी ओली अंडी, दोन, मग एक, मग तीन, एकावर एक पडत होती. पिंगपाँगच्या चेंडूएवढी. तिचा श्वास ऐकू येत होता, लांब, जड, दमलेल्या माणसासारखा. मुग्धाने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलेलं.

आणि मग जे झालं ते मी कुठे वाचलं नव्हतं. वाळू लोटून झाल्यावर ती डावीकडे कलली आणि धप. मग उजवीकडे, धप. पूर्ण अंगाने वाळू थापटत होती, शेणाने सारवायच्या आधी जमीन चोपतात ना तशी. त्या थापटण्याने आमच्या पोटाखालची वाळू हादरत होती. चाळीस किलोच्या आसपासचा जीव, जमिनीवर आलं की चालताही धड येत नाही, आणि ती डाव्या उजव्या अंगाने चोपत होती. तेवढं करून ती वळली आणि सरळ पाण्याकडे, एकदाही मागे न बघता. पहिल्या लाटेने तिला भिजवलं, दुसऱ्या लाटेत ती नव्हती.

शिऱ्या रडत होता. कुणी काही बोललं नाही.

दादांनी घरटं उकरून अंडी बादलीत घेतली, खाली थोडी तिथलीच वाळू. वनविभागाला कळवलं, वहीत नोंद केली. 112. हॅचरीत खड्डा करायला शिऱ्याला सांगितलं, हाताने, वर अरुंद आणि खाली मडक्यासारखा रुंद. तो कोपरापर्यंत आत जाऊन वाळू काढत होता.

ही कालचीच मादी का, ते कळायला मार्ग नाही. दादा म्हणाले, फिरलेली मादी एकदोन रात्रींत परत बघते, इथे किंवा शेजारच्या पुळणीवर.

शेवटचे दोन दिवस आंजर्ले, कड्यावरचा गणपती (वरून सुवर्णदुर्ग दिसतो, संध्याकाळी जा) आणि हर्णेच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव. हर्णेजवळ गादे दिसले, आपण डॉल्फिन म्हणतो ते, पाच-सहा, होडीने पाठलाग न करता धक्क्यावरूनच.

---

पर्थकर (5 फेब्रुवारी, सकाळी 6:30)

ऑस्ट्रेलियात राहतो. क्वीन्सलँडमध्ये बंडाबर्गजवळ मॉन रेपो नावाचा किनारा आहे, तिथे लॉगरहेड कासवं येतात. रात्री रेंजरबरोबर ठरलेल्या गटानेच जायचं, स्वतःचं स्वतः किनाऱ्यावर उतरायचं नाही, आणि तो बोलावेपर्यंत खाली थांबायचं. मी मुलांना घेऊन गेलोय, तिकीट काढून. तुमच्या दादांनी चहा पाजून तेच नियम सांगितले. वाचून गावाची फार आठवण आली.

---

निसर्गवही (5 फेब्रुवारी, सकाळी 8:00)

सुंदर लिहिलंत. एक भर घालतो. या माद्या कुठे जातात हे आपल्याला आत्ता कुठे कळायला लागलंय. जानेवारी 2022 मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावला, पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिली म्हणून नाव ठेवलं प्रथमा. पुढे 2023 मध्ये गुहागरला टॅग केलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि 2021 मध्ये ओडिशात टॅग केलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी हा समजही पुन्हा तपासावा लागणार.

वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. म्हणून हॅचरीवर काही ठिकाणी सावली करतात.

---

सह्यवाट_72 (5 फेब्रुवारी, सकाळी 10:25)

मी माझं वाक्य मागे घेतो. गाड्यांचं आणि हॅलोजनचं म्हणणं कायम आहे, पण ते या धाग्यावर तुम्हाला उद्देशून लिहायला नको होतं. लाल जिलेटिन कागद कुठे मिळतो?

---

सुरूबन (5 फेब्रुवारी, दुपारी 2:00)

सह्यवाट, स्टेशनरीच्या दुकानात. दोन पदर लावा, एकाने गुलाबी उजेड पडतो.

---

ओहोटी (5 फेब्रुवारी, रात्री 8:40)

टेंट रद्द. आजच वेळासच्या एका काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या, सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं असली तर असली, नसली तर नाही, दोन रात्री तरी ठेवून या. आम्ही तीन ठेवल्यात.

---

पाठीवर_सॅक (24 मार्च, सकाळी 11:30)

धागा वर काढतोय. शनिवारपासून शिऱ्या तिथे आहे, रजा टाकून, आणि मी काल रात्री पोचलो. आज सकाळी दादांनी आमच्या त्या 112 अंड्यांच्या घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा वाळूला मधे खळगा पडलेला आणि त्यातून एक काळं नाक वर आलेलं. मग एकदम सगळी. वाळूतच पाण्यापासून लांब सोडली, त्यांना ते अंतर स्वतः चालून जावं लागतं. एक पिल्लू शिऱ्याच्या पावलाच्या ठशात पडलं आणि त्याला वर चढता येईना. दादांनी हात लावू दिला नाही. चार वेळा घसरलं, पाचव्यांदा चढलं.

आतापर्यंत 71 गेली. उरलेल्यांसाठी टोपली परत झाकलीये, संध्याकाळी सहाला बघणार. ओहोटीताई, तुमच्या वेळासला किती दिसली ते कळवा.